स्वस्त लुगड्याची किंमत

दिवाळीच्या सुमाराला खामगावच्या बाजारात एकीकडून कापूस येत असतो आणि दुसरीकडून कापड जात असते. शेतकरी पऱ्हाटीची पहिली वेचणी विकतो, आडत्याकडून पैसे घेतो आणि परतताना त्याच पैशांतून बायकोला लुगडे, पोरांना कपडे नि आईला चोळीचा खण घेऊन गावाची वाट धरतो. कापूस गेला आणि कापड आले. मधले सारे अदृश्य! ते मधले काय असते, याचा विचार आपण सहसा करीत नाही. मीही केला नव्हता. तो करायला लावला आमच्या धाकट्या चिरंजीवांनी.

त्यांच्या सदऱ्यासाठी आम्ही सहकुटुंब बाजारात गेलो होतो. दुकानदाराने ढीग पुढे टाकला, भाव सांगितला आणि तो ऐकून आमच्या सौभाग्यवतींचा चेहरा उजळला. अर्थात तो उजेड त्यांनी दुकानदाराला दिसू दिला नाही! चार वेळा उठून, पाच वेळा बसून त्यांनी तो भाव आणखी पन्नास रुपयांनी खाली आणला आणि विजयी मुद्रेने पिशवी माझ्या हाती दिली. घरी आल्यावर चिरंजीवांनी सदऱ्याच्या मानेमागची चिठ्ठी वाचली आणि विचारले, "बाबा, हा तर बांगलादेशात शिवलेला आहे. आपल्याकडे एवढा कापूस असताना आपले कपडे इतक्या लांबून का येतात?"

मी मराठीचा अध्यापक. समास सोडवायला सांगितला असता तर सोडवला असता. 'तिकडे मजुरी स्वस्त असते' एवढे बोलून मी वेळ मारून नेली. पण चिरंजीव सोडतात थोडेच? "मग आपल्याकडच्या शिवणाऱ्यांनी काय करायचं?" असा दुसरा प्रश्न आला आणि मास्तर गप्प झाले. पुढे कित्येक दिवस त्या प्रश्नाने पिच्छा पुरवला. उत्तर शोधता शोधता ध्यानात आले की, हा प्रश्न आमच्या बुलढाणा जिल्ह्याला नवा नाही. तो इथे दीडशे वर्षांपूर्वी आगगाडीत बसून आला होता.

आठ मैलांचा फाटा

मुंबईहून नागपूरला जाणारा लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव अशा आपल्या गावांवरून जातो. हा मार्ग १८६७ साली नागपूरला पोहोचला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८७० मध्ये, जलंबपासून खामगावपर्यंत आठ मैलांचा एक फाटा काढण्यात आला आणि त्याच्या उद्घाटनासाठी खुद्द हिंदुस्थानचे व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावी आले. अवघ्या आठ मैलांच्या रुळांसाठी व्हाइसरॉय! आजच्या मंत्र्यांनाही हेवा वाटावा असा हा मान खामगावला मिळाला तो कापसामुळे.

वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या हाती आला होता. पुढे १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडकला आणि लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या. तेव्हा मँचेस्टरच्या गिरणीमालकांना वऱ्हाडची काळी जमीन आठवली. कापसाचे भाव कडाडले. वऱ्हाडच्या शेतकऱ्याने चार-पाच वर्षे असा पैसा पाहिला की, त्याच्या आजाने तो स्वप्नातही पाहिला नव्हता. १८६५ साली युद्ध संपले, अमेरिकेचा कापूस पुन्हा बाजारात आला आणि इकडचे भाव कोसळले. तेजीच्या भरवशावर काढलेले कर्ज मात्र कोसळत नसते!

त्या काळात मध्य प्रांत आणि वऱ्हाड यांच्यासाठी रिव्हेट-कारनॅक नावाचे एक कापूस-आयुक्त होते. कापसाच्या मुलखात रेल्वेचे फाटे काढण्याचा लाभ त्यांनी सरकारी अहवालात फार स्पष्टपणे मांडला आहे. फाटा निघाला की, विलायती कापड इतके स्वस्त येईल की देशी कापड त्यापुढे टिकणार नाही. मग जो कापूस इथे सूत काढण्यात खर्ची पडतो तो निर्यातीला मोकळा होईल आणि सूतकताई व विणकाम करणारी माणसे शेतमजुरीला मिळून पडीक रान लागवडीखाली येईल, असा त्यांचा हिशेब होता. यात द्वेष नाही, क्रौर्याचा आव नाही. वहीत रकमा मांडाव्यात तशी माणसे मांडलेली आहेत. या रकान्यातून काढली आणि त्या रकान्यात टाकली.

रेचा, चरखा आणि माग

या रकान्यातून काढलेली माणसे होती तरी कोण?

पूर्वी शेतातून आलेला कापूस गावाबाहेर न जाता कापड होत असे. घरच्या बाया रेच्यावर सरकी वेगळी काढीत. पिंजारी रुई पिंजून देई. तिचे पेळू करून म्हाताऱ्याकोताऱ्या, विधवा, घराबाहेर कामाला जाऊ न शकणाऱ्या बायका सूत कातीत. ते सूत कोष्टी, साळी, मोमीन यांच्या मागावर जाई. जाडेभरडे पण टिकाऊ कापड विणणाऱ्यांत महार समाजातील विणकर पुष्कळ होते. देऊळगाव राजाला बालाजीच्या यात्रेत दुरून व्यापारी येत. एका लुगड्यात निदान चार घरांची चूल पेटत असे.

यांतली पहिली चूल विझली ती सूत कातणारीची. गिरणीचे सूत इतके स्वस्त आणि एकसारखे निघे की, हाताने कातलेल्या सुताला विणकरच विचारीनासा झाला. रेच्याचे काम वाफेवर चालणाऱ्या जिनांनी घेतले. विणकर मात्र सगळे एकदम बुडाले नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. गिरणीचे सूत घेऊन नागपूर, सोलापूर, इचलकरंजीकडचे माग पुढेही चालू राहिले आणि काही ठिकाणी भरभराटीलाही आले. या नुकसानाचे मोजमाप किती धरावे यावर इतिहासकारांत आजही वाद आहे. पण घरी बसून कातणाऱ्या बाईचे चार पैसे कायमचे गेले, याबद्दल वाद नाही. वाईट एवढेच की, तिचे नाव कोणत्याच नोंदीत नाही. गिरणी बंद पडली तर तिला कुलूप तरी लागते. चरखा बंद पडला तर तो फक्त माळ्यावर जातो.

चकल्या आणि अनारसे

आता दुसरी बाजू ऐकली पाहिजे, कारण ती बाजू खोटी नाही. डेव्हिड रिकार्डो या इंग्रज अर्थशास्त्र्याने १८१७ साली इंग्लंडचे कापड आणि पोर्तुगालचे मद्य यांचे उदाहरण घेऊन खुल्या व्यापाराचे तत्त्व मांडले. आपण ते दिवाळीच्या फराळावरून समजून घेऊ.

समजा, शेजारच्या वहिनी चकल्याही उत्तम करतात आणि अनारसेही उत्तम करतात. आमच्या घरी दोन्ही बेताचेच जमते. त्यातल्या त्यात चकली बरी, अनारसा तर कढईत विरघळतोच! वरवर पाहता वहिनींना आमच्याशी देवघेव करण्याचे काही कारण दिसत नाही. पण रिकार्डो म्हणतो, कारण आहे. वहिनींनी सारा वेळ अनारशांना द्यावा, आम्ही सारा वेळ चकल्यांना द्यावा आणि मग डबे बदलून घ्यावेत. दोन्ही घरांत मिळून फराळ पूर्वीपेक्षा जास्त होईल. हिशेब करून पाहा, तो बिनचूक आहे.

पण या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. आमच्या घरची जी अनारसे करणारी, तिला उद्या सकाळी चकलीच्या सोऱ्यावर बसवता येईल, असे ते गृहीत. फराळाच्या बाबतीत हे चालते, कारण अनारसे बिघडले म्हणून घरात कुणी उपाशी राहत नाही. परंतु जिचे पोट अनारशांवरच आहे आणि जिला सोऱ्या धरता येत नाही, तिचे काय? दोन्ही घरांत मिळून फराळ वाढला हे खरे. पण वाढलेला डबा तिच्या घरी पोहोचला का, हे रिकार्डोच्या हिशेबात कुठेच विचारलेले नाही.

वऱ्हाडात असेच घडले. कापड स्वस्त झाले, हे गरिबाच्या सोयीचेच होते. जिच्या अंगावर एकच लुगडे असे तिला दुसरे घेता येऊ लागले. हा लाभ कमी लेखू नये. पण ज्यांचे हात रिकामे झाले ते सगळेच शेताकडे वळले. मजुरी मागणारे हात वाढले, की मजुरीचे काय होते हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. जिन-प्रेसमध्ये काम होते, पण ते हंगामापुरते. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ लागोपाठ आले. रेल्वे होती, धान्य आणता येत होते. ज्याच्या हाताला काम नाही त्याच्याजवळ ते घ्यायला पैसा नव्हता. १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी 'छप्पनचा काळ' म्हणून जो शब्द होता, तो यांतल्या दुसऱ्या दुष्काळाचा.

खुला दरवाजा कुणी उघडला?

शिवाय हा दरवाजा आपण उघडलेला नव्हता. ज्या इंग्लंडने जगाला खुल्या व्यापाराचा धडा दिला, त्यानेच १७०० आणि १७२१ साली कायदे करून हिंदुस्थानी छापील कापडाला आपल्या देशात बंदी घातली होती. आपले विणकर दुबळे होते तोवर दाराला कडी आणि आपल्या गिरण्या बलवान झाल्यावर दार सताड उघडे! हिंदुस्थानात विलायती कापडावर असलेली जकात १८८२ मध्ये पूर्ण काढून टाकण्यात आली. पुढे सरकारला पैशाची निकड लागली म्हणून ती पुन्हा बसवली, तेव्हा लँकेशायरची ओरड झाली. म्हणून १८९६ मध्ये विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात ठेवून देशी गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच साडेतीन टक्के कर लादला. आपल्याच घरात शिजवलेल्या भातावर पाहुण्याच्या समाधानासाठी पट्टी! हा कर उठायला १९२५ साल उजाडावे लागले.

आपल्याकडच्या शहाण्या माणसांनी हे वेळीच ओळखले होते. लोकहितवादींनी 'शतपत्रां'तून देशी माल वापरा असे १८४८-५० च्या सुमारासच सांगितले. सार्वजनिक काका म्हणून ओळखले जाणारे गणेश वासुदेव जोशी यांनी गांधीजींच्या कितीतरी आधी खादीचे व्रत घेतले आणि १८७७ च्या दिल्ली दरबारात ते त्याच वेषात गेले. महात्मा फुले यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये विलायती मालामुळे इथले कारागीर कसे बुडाले आणि त्यांचा भार शेतीवर कसा पडला हे दाखवले. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात सांगितले की, अर्थशास्त्राचे नियम सर्व देशांना, सर्व काळी सारखेच लागू पडतात असे मानणे चूक आहे. चौघांच्या वाटा निरनिराळ्या. पण बोट एकाच जखमेवर.

लँकेशायरची दुसरी बाजू

येथवर वाचून लँकेशायरवर राग येणे स्वाभाविक आहे. पण लँकेशायर म्हणजे केवळ गिरणीमालक नव्हेत. तिथेही हातमागाचे विणकर होते, फार मोठ्या संख्येने. यंत्रमागाने त्यांची अन्नान्नदशा करून टाकली. अमेरिकेच्या यादवीत कापूस मिळेना, तेव्हा १८६२ च्या हिवाळ्यात त्या मुलखातली जवळजवळ पाच लाख माणसे मदतीच्या अन्नावर जगत होती. म्हणजे ज्या वेळी खामगावच्या बाजारात रुपये खुळखुळत होते, त्याच वेळी मँचेस्टरच्या गल्ल्यांत मुले उपाशी होती. एकाची दिवाळी ती दुसऱ्याची अमावस्या. तसे पाहता दिवाळी असतेच अमावस्येला!

पुढे चाक आणखी फिरले. मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या, जपानचा माल आणि आपली स्वदेशी यांमुळे लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या. सप्टेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेला गेलेले गांधीजी मुद्दाम लँकेशायरमधील डार्विन गावी गेले. ज्यांचे काम त्यांच्या चळवळीमुळेही गेले होते, त्याच कामगारांच्या वस्तीत ते राहिले. आश्चर्य हे की, कामगारांनी त्यांचे स्वागत केले. गांधीजींनी त्यांचे दुःख मान्य केले आणि आपल्या खेड्यातील उपासमार त्यांच्यापुढे मांडली. दोन्हीकडच्या रिकाम्या हातांनी एकमेकांना ओळखले, असेच म्हणायचे.

मग पाळी आली मुंबईची. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप फसला, गिरण्या एकामागून एक गेल्या आणि गिरणगावच्या जमिनीवर मनोरे उभे राहिले. अमेरिकेची पाळीही चुकली नाही. चीन २००१ साली जागतिक व्यापार संघटनेत आला. यंत्रांमुळे आणि त्या मालामुळे २००० ते २०१० या काळात अमेरिकेतील कारखान्यांतल्या नोकऱ्या सुमारे १ कोटी ७० लाखांवरून १ कोटी १५ लाखांवर आल्या. आणि ज्या बांगलादेशात आमच्या चिरंजीवांचा सदरा शिवला गेला, तिथे २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे गाडली गेली. त्यांत बहुसंख्य शिवणकाम करणाऱ्या तरुण मुली होत्या. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. तरी त्यांना कामावर बोलावले गेले. आमच्या सौभाग्यवतींनी कमी करून घेतलेले पन्नास रुपये कुणाच्या ताटातून गेले, याचा धागा शोधत गेलो तर तो तिथवर जातो.

आपल्याच दोन लेकरांत

आता पुन्हा बुलढाण्याला येऊ. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने हिंदुस्थानी मालावर ५० टक्क्यांपर्यंत जकात बसवली. तिरुपूरच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांत धास्ती पसरली. त्यांना कच्चा माल स्वस्त मिळावा म्हणून आपल्या सरकारने परदेशी कापसावरची ११ टक्के आयात जकात त्याच महिन्यात उठवली. ही सवलत आधी सप्टेंबरअखेरपर्यंत होती, ती वर्षाअखेरपर्यंत वाढवली. नेमका त्याच काळात वऱ्हाडचा नवा कापूस बाजारात येतो. त्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये ठरला होता. पण परदेशी गाठी स्वस्त झाल्यावर गिरणीवाला आमच्या शेतकऱ्याला तेवढे कशाला मोजील? सोयाबीनचेही तेच. चिखली-मेहकरकडचा शेतकरी सोयाबीनवर जगतो आणि मे २०२५ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरची मूळ जकात २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणली गेली. तेल स्वस्त झाले तर गृहिणी खूष. ती का नसावी? पण त्या स्वस्ताईचा काही भाग सोयाबीनच्या भावातून कापला जातो.

इथे इंग्रज नाही, मँचेस्टर नाही. तिरुपूरची शिवणारी मुलगीही आपली, खामगावचा शेतकरीही आपला आणि फोडणीला तेल मोजून घालणारी गृहिणीही आपलीच. आईला दोन लेकरांत एकच भाकरी वाटायची असावी, तसा हा पेच आहे. म्हणून 'दारे लावून घ्या' हे उत्तर मला पटत नाही. ती लावली तर तिरुपूरची मुलगी घरी बसेल. 'दारे उघडून टाका, बाजार पाहून घेईल' हेही पटत नाही. बाजाराने सूत कातणारीकडे पाहिले नव्हते.

मला पटते ते एवढेच: ज्या निर्णयाने साऱ्या देशाचा लाभ होतो, त्यात ज्याची चूल विझते त्याचा वाटा आधी बाजूला काढून ठेवावा. हे काही माझे मौलिक संशोधन नाही. अमेरिकेने १९६२ सालच्या व्यापार-कायद्यात परदेशी मालामुळे काम गेलेल्यांना भत्ता आणि नवे शिक्षण देण्याची तरतूद केली होती. २०२२ पासून तिथे नवे अर्ज घेणे थांबले आणि पुढे तिथल्या राजकारणात जकातीचीच भाषा जोरात सुरू झाली, यात संबंध नसेल असे मला वाटत नाही. आपल्या महाराष्ट्राने तर १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीचा कायदा करून 'मागेल त्याला काम' हे तत्त्व देशाला शिकवले. छप्पनच्या काळात धान्य होते पण काम नव्हते. त्या धड्याला आपण उशिरा का होईना उत्तर दिले. तेच तत्त्व जकातीच्या निर्णयाला का लावू नये? जकात उठवण्याच्या हुकुमाबरोबरच, त्यामुळे शेतकऱ्याचा जो भाव पडेल तो भरून देण्याचा हुकूम का निघू नये?

दुसरे, कापूस जिथे पिकतो तिथे तो कापड झाला पाहिजे. जमशेटजी टाटांनी १८७७ साली मुंबई सोडून नागपूरला एम्प्रेस मिल काढली ती याच विचाराने. सप्टेंबर २०२४ मध्ये अमरावतीजवळच्या मोठ्या वस्त्रोद्योग उद्यानाची कोनशिला बसली. आनंद आहे. पण ते उभे राहील तेव्हा तिथल्या मुलीला मजुरी किती मिळेल आणि भिंतीला तडा दिसला तर तिला 'आज कामावर येणार नाही' असे म्हणता येईल का, हेही विचारले पाहिजे. नाहीतर राणा प्लाझा वऱ्हाडात आणल्यासारखे होईल.

चिरंजीवांना हे सारे मी एका रात्री सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग मी हा सदरा घालू की नको?"

"घाल," मी म्हणालो, "तू घातला नाहीस तर तो शिवणाऱ्या मुलीला काही मिळणार नाही. पण घालताना तिची आठवण ठेव."

सौभाग्यवती आतून सारे ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी त्या पणत्या घ्यायला गेल्या. दारात एक म्हातारी कुंभारीण बसली होती. तिने डझनाचा भाव सांगितला. मी सवयीने वाट पाहत उभा राहिलो. आता या उठतील, चार पावले जातील, म्हातारी हाक मारील. पण त्यांनी पदराची गाठ सोडली, सांगितले तेवढे पैसे मोजले आणि माझ्याकडे न पाहताच म्हणाल्या, "चला, उशीर होतोय."

त्या पणत्या यंदा आमच्या ओट्यावर लागतील. पाडव्याला बळीचे राज्य यावे म्हणून घरोघर ओवाळतील. ते राज्य स्वस्ताईचे होते की महागाईचे, हे पुराणात सांगितलेले नाही. त्यात कुणाचे हात रिकामे नव्हते, एवढे मात्र नक्की असावे. एरवी इतकी वर्षे त्याची आठवण कुणी काढली असती?